धोनी-कोहली बघायचे तर २००८ चे की आत्ताचे?

हे दोघं अजून खेळतायत म्हणूनच २००८ ची पहिली आयपीएल सारखी आठवते, मग जुनी हायलाइट्स लावायची की आजची लाइव्ह मॅच? २००८ मध्ये सगळंच नवं होतं, पहिल्याच मॅचला कोलकात्याच्या मॅक्युलमने ७३ बॉलमध्ये नाबाद १५८ कुटले आणि कोहलीची बंगळुरू ८२ वर गारद, त्यात त्याचा फक्त १ रन, १९ वर्षांचं पोरगं होतं ते. आणि धोनी धावायचा कसला, एकाचे दोन सहज! आता तो बॅटिंगला खाली येतो, तेवढं बघवत नाही खरं. पण २०२५ मध्ये नूर अहमदच्या बॉलवर सूर्यकुमारला केलेलं स्टम्पिंग बघा राव, बॅट फिरून थांबायच्या आत बेल्स उडालेल्या, वय ४३! त्याच सीझनला बंगळुरू जिंकणार हे दिसताच कोहली फायनलची शेवटची ओव्हर संपायच्या आधीच मैदानात रडायला लागला, १८ सीझन एकाच टीमसाठी, तिथे तो २००८ चा १ रन आठवला की गळा दाटून येतो, हे नुसत्या हायलाइट्समध्ये नाही मिळत. जुन्यात फिरकीचा जादूगार शेन वॉर्न दिसतो, तेवढ्यासाठी जरूर बघा. पण मॅच असेल त्या दिवशी लाइव्हच, २००८ बाकीच्या महिन्यांना ठेवा.