फ्रिजशेजारचं उपासना-कॅलेंडर: आगमनकाळ ते आगेरा, घरातला अनुभव

2024 च्या नोव्हेंबरात चर्चबाहेरच्या टेबलावरून हे भिंतीवरचं कॅथलिक उपासना-कॅलेंडर घेतलं. ते जानेवारीत नाही, आगमनकाळाच्या (नाताळच्या तयारीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी सुरू होतं, म्हणजे 1 डिसेंबर 2024 ला. प्रत्येक तारखेच्या चौकोनाला त्या दिवसाचा उपासनेचा रंग, खाली वाचनांचे संदर्भ, संतांची नावं. आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ जांभळा, नाताळ-ईस्टर पांढरा, हुतात्म्यांचे दिवस लाल, उरलेले बहुतेक दिवस हिरवे. आम्ही वसईकर. घरात सासूबाई, आम्ही दोघं, तेव्हा दहावीत असलेली मुलगी आणि पहिलीतला मुलगा.

आधी तक्रारी सांगून टाकते. छपाई सुमार आहे. वर्षातून दोनच रविवार गुलाबी येतात, आगमनकाळातला तिसरा आणि उपवासकाळातला चौथा. ते दोन्ही फिकट जांभळे वाटतात. कागद फोडणीच्या वाफेने मार्चपर्यंतच मऊ पडला. चौकोन इतके बारीक की दुधाचा खाडा लिहायला जागा नाही, त्यामुळे तिथी-वारांचं नेहमीचं कॅलेंडर काढता आलं नाही. दोन्ही शेजारी शेजारी लटकतात. वाचनांचे संदर्भ इतक्या बारीक अक्षरात आहेत की सासूबाईंनी पहिल्या आठवड्यातच चष्मा काढून ठेवला.

तरीही वापर झाला, कारण मुलाला एक काम मिळालं. कपड्याचा चिमटा रोज सकाळी पुढच्या चौकोनावर सरकवायचा आणि रंग ओरडून सांगायचा. सातची विरार लोकल गाठायची असताना प्रार्थनेला वेळ काढणं माझ्याच्याने होत नव्हतं. पण पोळ्या लाटताना "मम्मी, आज लाल!" ऐकलं की का लाल, हे सांगावंच लागतं. 6 फेब्रुवारीला असंच झालं. गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, 1597 मध्ये नागासाकीला क्रूसावर मारला गेलेला, 1862 मध्ये संत घोषित झालेला. त्याच्या नावाचं गासचं चर्च मुलाने बघितलेलं आहे, पण तो माणूस खरोखर इथल्या मातीत खेळला असेल हे त्याला त्या दिवशी कळलं. डब्यातली भाजी करपली, ते असो.

नाताळचं फार सांगत नाही. गोठा, कंदील, करंज्या, कलकल, हे कॅलेंडर नसतानाही होतंच. एकच फरक पडला. पूर्वी नाताळ 25 ला रात्री संपायचा. या वेळी पांढरे चौकोन जानेवारीतही पुढे चालू दिसले, म्हणून मुलाने गोठा आवरू दिला नाही.

उपवासकाळात मात्र कॅलेंडर कामाला आलं. 5 मार्चला राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस. त्याआधी मागच्या वर्षीच्या झावळीचे क्रूस तसबिरीमागून काढून चर्चमध्ये द्यायचे, त्याचीच राख करतात. एरवी हे आमच्याकडे हमखास राहून जायचं. दर शुक्रवारी मटण-चिकन बंद. आता वसईत मटण सोडून पापलेट खाणं याला तपश्चर्या म्हणायचं तर म्हणा! सासूबाईंनीच फर्मान काढलं की जांभळ्या शुक्रवारी मासळीही नको, डाळ-भात आणि लोणचं. वाचलेले पैसे एका डब्यात. नवऱ्याने दोन शुक्रवार तोंड वाकडं केलं, मग सवय झाली. दिराच्या मुलीच्या लग्नाची तारीखही याच कॅलेंडरसमोर उभं राहून ठरली. जांभळे चौकोन संपेपर्यंत लग्न नाही, म्हणजे थेट मे.

30 मार्चचा गुलाबी रविवार. त्या दिवसाचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं वाचन, उधळ्या पुत्राचं: पैसे उडवून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो आणि थोरला चिडतो. मुलीची बोर्डाची परीक्षा नुकतीच संपलेली. जेवताना ती थोरल्या भावाच्या बाजूने अशी काही भांडली की काय सांगू. "तो रोज शेतात राबला, त्याच्यासाठी साधं करडूसुद्धा कापलं नाही, बरोबरच चिडला तो." धाकटा समोर बसून पापड मोडत होता, म्हणजे रोख कुठे होता ते उघड आहे. तिच्या बाबांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. पण तेव्हापासून रविवारचं शुभवर्तमान शनिवारी रात्रीच्या जेवणात वाचायचा पायंडा पडला. वाचायचं तिने, मोबाइलवरून, कारण कॅलेंडरवरचं कोणालाच दिसत नाही.

ईस्टर 20 एप्रिलला आला. 12 ला हनुमान जयंती आणि 13 ला झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा), दोन कॅलेंडरं शेजारी असल्याने पौर्णिमेचा धागा मुलीने स्वतः पकडला: ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो (चर्चच्या हिशेबात ती पौर्णिमा 13 ला). ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पोप फ्रान्सिस गेले. चौकोन पांढरा, टीव्हीवर दुःखाची बातमी. चिमटा कुठे लावायचा म्हणून मुलगा अडून बसला. सासूबाई म्हणाल्या, "पांढऱ्यावरच लाव, ईस्टरच्या आठवड्यात गेलाय माणूस," आणि जपमाळ घेऊन आत गेल्या.

मग हिरवा सुरू झाला. मला वाटलं होतं इथे उत्साह मावळणार, मुलगाही "आज पण हिरवाच" म्हणून कंटाळला. झालं उलटंच. पाऊस त्या वर्षी मेअखेरीसच कोसळला, जून-जुलै मासेमारी बंद, सुकी मासळी आणि शनिवारचं वाचन. ते वर्ष लूकचं, म्हणजे रविवारची बहुतेक शुभवर्तमानं लूकने लिहिलेली, त्यामुळे जुलैत लागोपाठ दोन रविवार दयाळू शोमरोनी आणि मार्था-मरिया. मरिया येशूचं ऐकत बसते, मार्था एकटी राबते आणि येशू मरियेची बाजू घेतो. मार्थेवर सासूबाई अजून बोलतात. "येशू म्हणाला ते खरं, पण तीही बसली असती तर शिष्यांनी काय खाल्लं असतं?" त्या शनिवारी भांडी नवऱ्याने घासली. पुढच्या शनिवारीही, न सांगता. वर्षभरात घरात पडलेला सगळ्यात मोठा फरक हाच, आणि तो कुठल्याही सणाला पडलेला नाही.

एक उणीव मात्र खटकते. हे वर्ष परक्या हवामानाचं आहे. आगमनकाळातली हिरव्या फांद्यांची मेणबत्त्यांची माळ जर्मनीतून आलेली, तिथल्या अंधाऱ्या डिसेंबरसाठी. आमचा पावसाळा, लावणी, कापणी यात नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणायच्या, वसईभरचा सण. छापील चौकोनात अक्षरही नाही. आम्ही मार्करने लिहिलं. आमच्या आळीत आता भात लावणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. आमच्या लोंब्या शेजाऱ्यांच्या खाचरातल्या.

पाचपैकी साडेतीन. घरात लहान मूल किंवा बोलक्या सासूबाई असतील तर चार. नुसतं लटकवून ठेवणार असाल तर पैसे वाया घालवू नका. त्यापुढचं वर्ष 30 नोव्हेंबर 2025 ला सुरू झालं, मत्तयचं. घेताना गुलाबी रंग उजेडात धरून बघा, आणि दुधाचा हिशेब दुसरीकडे लिहायची तयारी ठेवा.