कोहामधली घाऊक दुरुस्ती: प्रतींसाठी सरळ वाट, नोंदींसाठी लांबची

कपाटभर पुस्तकं संदर्भ विभागात हलवली आणि तालिकेतही तसं दिसायला हवं, तर कोहामध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत, हे काम दहा मिनिटांचं आहे. त्याच पुस्तकांच्या मार्क नोंदींत (पुस्तकाची माहिती क्रमांकित फील्डं आणि त्यांच्या सबफील्डांत साठवणाऱ्या तालिकेच्या नोंदी) एखादं फील्ड बदलायचं असेल, तर बटण तितक्याच सहज दाबता येतं. पण चुकलं तर ते दाबणं मागे घेता येत नाही. ही दोन साधनं मेनूमध्ये शेजारी असली तरी एकाच भरवशावर वापरण्यासारखी नाहीत.

आधी चांगल्याबद्दल. 'बॅच आयटम मॉडिफिकेशन' (२२.११ आवृत्तीपासून 'टूल्स'ऐवजी 'कॅटलॉगिंग'खाली) बारकोडची फाइल घेतं, आयटम नंबरची फाइल घेतं, किंवा चौकटीत थेट स्कॅन करू देतं. त्याहून सोयीची वाट रिपोर्टमधून जाते. एसक्यूएल रिपोर्टमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारून काढलेल्या यादीत) आयटमनंबर हा स्तंभ मागवला की निकालासोबतच 'बॅच ऑपरेशन्स'चं बटण येतं आणि यादी उतरवून पुन्हा चढवण्याचा खटाटोप वाचतो. मात्र हे बटण पडद्यावर दिसणाऱ्या ओळींपुरतंच चालतं. पानावर २० ओळी असतील तर २० प्रतीच पुढे जातात. त्यामुळे आधी पानावरच्या ओळी वाढवा आणि बटणावरचा आकडा वाचूनच दाबा.

पुढच्या फॉर्ममध्ये रिकामी चौकट म्हणजे 'याला हात लावू नको'. चौकटीशेजारची खूण मात्र 'हा बदल लागू कर' अशी नाही, तर 'हे सबफील्ड सगळ्या प्रतींतून पुसून टाक' अशी आहे. सूचना पानावर लिहिलेली आहे, पण नवी माणसं नेमकी इथेच फसतात. जे बदलायचं तेवढंच भरावं आणि खुणांच्या वाटेला जाऊ नये.

वर्गांकाच्या चौकटीत काही टाइप केलं तर निवडलेल्या सगळ्या प्रतींना तोच एक वर्गांक लागतो. आधीचा वर्गांक तसाच ठेवून त्याच्या पुढे 'संदर्भ' एवढंच जोडायचं असेल तर चौकटीजवळचा 'रेगएक्स' (नमुन्याने शोधून बदलण्याचा) दुवा उघडा. शोधायच्या जागी ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह, म्हणजे वरच्या दिशेचं टोक (^), आणि बदलायच्या जागी 'संदर्भ' हा शब्द व एक मोकळी जागा, एवढंच भरायचं. ही मोकळी जागा विसरली की शब्द आकड्याला चिकटतो आणि शेल्फच्या क्रमवारीचा विचका होतो.

बारकोड स्प्रेडशीटमधून आणताना स्तंभ आधी मजकूर प्रकाराचा करून घ्या. नाहीतर पुढची शून्यं गळतात, आणि १४ अंकी बारकोड घातांकी रूपात दिसतो व सीएसव्ही जतन करताना तसाच उतरतो. कोहा न सापडलेल्या बारकोडांची यादी दाखवतो, म्हणून ही चूक निदान लपून राहत नाही. एका फेरीत किती प्रती चालतील हे 'मॅक्सआयटम्सटूप्रोसेसफॉरबॅचमॉड' या सिस्टम प्रेफरन्सवर ठरतं. मुळातला आकडा १००० आहे आणि तो वाढवण्यापेक्षा यादीचे तुकडे करणं बरं.

'प्रकार बदलला, पण देवघेवीचे नियम जुनेच लागतात' अशी तक्रार वारंवार येते. प्रतीचा प्रकार ९५२ फील्डच्या वाय सबफील्डमध्ये असतो, नोंदीचा ९४२ च्या सी मध्ये. 'आयटम-लेव्हल आयटाइप्स' हा प्रेफरन्स कोणाकडे पाहायला सांगतो ते आधी तपासा. दिलेल्या पुस्तकांची परतीची तारीख मात्र प्रकार बदलल्याने मागे-पुढे होत नाही.

आता नोंदी. 'बॅच रेकॉर्ड मॉडिफिकेशन'साठी आधी 'मार्क मॉडिफिकेशन टेम्प्लेट' बनवावं लागतं. त्यात फील्ड काढणं, नवं घालणं, हलवणं, नक्कल करणं अशा कृती एकाखाली एक रचायच्या, हवं तर 'हे फील्ड असेल तरच' अशी अट लावायची. कृती वरून खाली चालतात; आधी काढून टाकलेल्या फील्डची नक्कल खालची कृती करू शकत नाही. ताकद भरपूर, तशी धारही. 'अपडेट एक्झिस्टिंग ऑर ॲड न्यू' ही कृती विषयशीर्षकाच्या ६५० फील्डच्या ए सबफील्डवर लावली की नोंदीतले सगळे ६५० बदलतात. पाच विषयशीर्षकं असलेल्या नोंदीत मग एकच शीर्षक पाच वेळा दिसतं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या फील्डला ही कृती लावूच नये. दुसरी उणीव इंडिकेटरची, म्हणजे फील्डच्या क्रमांकानंतरच्या दोन सूचक अक्षरांची. टेम्प्लेटच्या फॉर्ममध्ये त्यांना जागाच नाही, त्यामुळे नव्याने घातलेल्या ८५६ ला (वेबदुव्याच्या फील्डला) पहिला इंडिकेटर ४ देता येत नाही. असं काम मार्कएडिट या वेगळ्या प्रोग्राममध्ये नोंदी उघडून करणं शहाणपणाचं.

विषयशीर्षकाचं शुद्धलेखन शेकडो नोंदींत चुकलं असेल तर टेम्प्लेट मुळीच नको. शीर्षकासोबतच्या ९ या सबफील्डमध्ये अधिकृत नोंदीचा, म्हणजे त्या शीर्षकाचं प्रमाण रूप ठेवणाऱ्या 'ऑथॉरिटी' नोंदीचा, क्रमांक असतो. फक्त मजकूर बदलला तर ती अधिकृत नोंद पुढे कधीतरी जतन होताच जुनं रूप परत येतं. दुरुस्ती अधिकृत नोंदीतच करा, जोडलेल्या नोंदी आपोआप बदलतील. 'ऑथॉरिटीमर्जलिमिट' हा प्रेफरन्स मुळात ५० असतो. त्याहून जास्त नोंदी जोडलेल्या असतील तर काम रात्रीच्या क्रॉनवर (सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामावर) जातं, म्हणून बदल लगेच दिसला नाही तरी घाबरू नये.

चालवण्याआधी 'शो मार्क'वर टेम्प्लेट लागल्यानंतरची नोंद पाहता येते. ही सोय उत्तम आहे, पण एका वेळी एका नोंदीपुरती. चालवल्यानंतर 'अनडू' नाही. गुण कापायचे ते इथेच.

गंमत म्हणजे 'अनडू' कोहात आहे, फक्त दुसऱ्या दारामागे. नोंदी 'एक्स्पोर्ट डेटा'मधून बिब्लिओनंबरच्या (नोंदीच्या कोहातल्या क्रमांकाच्या) यादीने बाहेर काढा, 'डोंट एक्स्पोर्ट आयटम्स'वर खूण करा. तीच फाइल 'स्टेज रेकॉर्ड्स फॉर इम्पोर्ट'मध्ये चढवताना तेच टेम्प्लेट निवडता येतं. जुळवणीचा नियम ९९९ च्या सी सबफील्डवर (बिब्लिओनंबर तिथेच असतो), लोकल-नंबर या शोधाच्या इंडेक्सवर बनवा. तयार मिळणारे नियम बहुधा आयएसबीएनचे असतात आणि ते इथे कुचकामी. जुळलं तर 'रिप्लेस', प्रतींसाठी 'इग्नोअर', आणि न जुळलेल्या नोंदींसाठीही 'इग्नोअर'. हे शेवटचं चुकवू नका. इंडेक्स शिळा असेल तर जुळवणी फसते आणि 'ॲड' ठेवलेलं असेल तर प्रत्येक नोंदीची जुळी नोंद तयार होते.

स्टेज झाल्यावर 'मॅनेज स्टेज्ड रेकॉर्ड्स'मध्ये जुनी आणि नवी नोंद शेजारी शेजारी दिसते, बदललेल्या ओळी ठळक होऊन. दहाबारा नोंदी उघडून पाहा, त्यात सर्वांत लांब आणि सर्वांत जुन्या नोंदी हव्यातच, कारण विचित्र फील्डं तिथेच दडलेली असतात. मग इम्पोर्ट. चुकलं तर 'अनडू इम्पोर्ट इनटू कॅटलॉग' दाबलं की आधीच्या नोंदी परत येतात. मध्ये कुणी एखादी नोंद हाताने सुधारली असेल तर तीही सुधारणा पुसली जाते, म्हणून निर्णय त्याच दिवशी घ्यावा. बॅचसमोरचं 'क्लीन' दाबलं की ही सोय संपते. सर्व्हरवर सफाईची 'क्लीनअप-डेटाबेस' स्क्रिप्ट इम्पोर्टच्या पर्यायासह चालू असेल तर, वेगळा आकडा न दिल्यास ६० दिवसांनी ती आपोआपही संपते.

नव्या आवृत्त्यांत हे सगळे बदल पार्श्वभूमीत 'जॉब' म्हणून चालतात, त्यामुळे ब्राउझर अडकून राहत नाही. जॉब 'न्यू'वरच थांबला असेल तर सर्व्हरवरचा वर्कर (हे जॉब चालवणारा प्रोग्राम) बंद आहे असं समजा आणि पुन्हा बटण दाबू नका. वर्कर सुरू झाला की साचलेले सगळे जॉब चालतात, आणि टेम्प्लेटमध्ये 'ॲड' असेल तर जितक्या वेळा बटण दाबलं तितक्या वेळा एकच फील्ड घातलं जातं.