मे महिन्यात मिळालेला ‘सेफ्टी ऑडिट’चा कागद

खान्देशातल्या एका जिनिंगमालकाला (जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना) बँकेने आणि विमा कंपनीने इलेक्ट्रिकल सेफ्टी रिपोर्ट मागितला. कुणाच्या तरी ओळखीने एक जण आला. “भाऊ, आपली वर ओळख आहे, कागद उद्या हातात,” म्हणाला. पैसे स्वतःच्या यूपीआयवर घेतले. चाळीस मिनिटांत आठ अर्थ पिट (अर्थिंगसाठी जमिनीत इलेक्ट्रोड पुरलेले खड्डे), चार पॅनल आणि रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसची मोटर, सगळं ‘ओके’.

खोटेपणा त्या कागदातच दिसत होता. आठही पिटचं रीडिंग ०.८ ओहम. मे महिन्यात काळी माती भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटलेली असते, तेव्हा एकसारखे आकडे येतच नाहीत. प्रत्येक पिट वेगळा मोजायचा तर त्याला बाकीच्या अर्थिंगशी जोडणारी लिंक सोडावी लागते आणि अर्थ टेस्टरचे दोन स्पाइक लांब अंतरावर जमिनीत ठोकावे लागतात. इथे लिंकच्या नटावरचा गंज तसाच, पान्याचा ओरखडाही नाही. मेगरचंही, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरचंही, तेच. ५०० व्होल्ट डीसीवर एक मिनिट धरून किमान १ मेगाओहम यायला हवा, पण त्यासाठी सप्लाय बंद करावा लागतो. त्या दिवशी ऑफिसचा पंखासुद्धा थांबला नव्हता. सर्वांत मोठा विनोद म्हणजे थर्मल फोटो, म्हणजे तापलेली जागा दाखवणारे कॅमेऱ्याचे फोटो. ढिला जोड तापलेला दिसायला साधारण ४० टक्क्यांच्या वर लोड लागतो, आणि जिनिंग तर बंद होतं! म्हणजे फोटो दुसऱ्याच कारखान्याचे.

पुढे हंगामात प्रेसच्या मोटरचं टर्मिनल तापलं, जवळच्या रुईने पेट घेतला. नुकसान पाहायला आलेल्या विम्याच्या सर्व्हेअरने पहिल्यांदा विचारलं ते मीटरचे सिरियल नंबर आणि कॅलिब्रेशन सर्टिफिकेट. रिपोर्टमध्ये दोन्ही नव्हतं. क्लेम अडकला.

त्या माणसाकडे वायरमनचा परवाना होता, आणि तो खराच होता. पण वायरमन पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली काम करतो, आणि कंत्राटदाराचं लायसन्स काम घेण्यासाठी असतं. दोन्हींमुळे दुसऱ्याच्या जोडणीवर तपासणीचा शिक्का मारायचा अधिकार येत नाही. तो विद्युत निरीक्षकाचा, किंवा राज्य सरकारने प्राधिकृत केलेल्या चार्टर्ड इलेक्ट्रिकल सेफ्टी इंजिनिअरचा. ठरावीक व्होल्टेजच्या आत मालकाला स्वतःही प्रमाणित करता येतं, पण ती जबाबदारी मग त्याचीच. निरीक्षकाच्या तपासणीची फी सरकारी चलनाने भरली जाते, कुणाच्या मोबाइल नंबरवर नाही. प्राधिकारपत्र मागा, त्यावरचं नाव आणि मुदत पाहा, आणि विद्युत निरीक्षकाच्या जिल्हा कार्यालयात विचारून खात्री करा. मुदत संपलेल्या पत्राची झेरॉक्स फार फिरते.

विम्याची गंमत वेगळीच. “माझा विमा आहे” म्हणून त्याने दाखवली ती त्याची वैयक्तिक अपघात पॉलिसी. तो शिडीवरून पडला तर त्याच्या घरच्यांना पैसे मिळतील, तुमची रुई जळली तर काही नाही. चुकीच्या रिपोर्टमुळे नुकसान झालं तर लागते ती प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी. तिच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे तपशिलाच्या पानावर, चार गोष्टी वाचा: व्यवसायाच्या वर्णनात इलेक्ट्रिकल तपासणी लिहिली आहे का, एका घटनेची मर्यादा, वर्षाची मर्यादा आणि रेट्रोॲक्टिव्ह तारीख (जिच्या आधी केलेलं काम धरलं जात नाही ती). ही पॉलिसी दावा दाखल होतो त्या दिवशी चालू असावी लागते. तपासणीच्या दिवशी होती आणि पुढच्या वर्षी भरलीच नाही, तर ती असून नसल्यासारखीच. म्हणून कामाच्या ऑर्डरमध्येच, पॉलिसी पुढची किती वर्षं चालू ठेवायची, हे लिहून घ्या.