आईचा उजवा हात आणि ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) : आठ महिन्यांनंतर

गेल्या वर्षी आईला पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. फिजिओ लगेच सुरू झाली. डॉक्टरांनी 'ऑक्युपेशनल थेरपी'सुद्धा लिहून दिली, मराठीत व्यवसायोपचार. मनात म्हटलं, रिटायर झालेल्या बाईला आता कसला व्यवसाय शिकवणार? इथे व्यवसाय म्हणजे अंघोळीपासून रोजची सगळी कामं, हे नंतर कळलं.

पहिल्या ठिकाणी दीड महिना फुकट गेला. रोज पाऊण तास फळीच्या भोकांत खुंट्या लावा, खुंट्या काढा. आई वैतागली, "मला बालवाडीत घातलंयस का?" दुसरीकडच्या मॅडमनी आधी विचारलं, "काकू, तुम्हाला स्वतःचं स्वतः काय करायचंय?" आई म्हणाली, "चहा. सुनेला सकाळी उठवायला नको."

मग तीन महिने चहाच. उजव्या हाताला चटका कळत नाही, त्यामुळे गॅसजवळ त्याला बंदी. त्याचं काम साखरेची बरणी दाबून धरायचं, झाकण डाव्याने फिरवायचं. बरणीखाली ओलं फडकं, म्हणजे ती सरकत नाही. पातेलं हलकं, दांड्याचं, पाणी एकाच कपाचं. पहिला चहा अर्धा ओट्यावर सांडला. उरलेला आईने कुणालाही दिला नाही.

कपड्यांचा नियम एकच: लुळा हात बाहीत आधी घालायचा, काढताना शेवटी काढायचा. एवढ्यासाठी आम्ही चार महिने रोज सकाळी झटापट करत होतो! ब्लाऊजला शिंप्याकडून वेल्क्रो लावून घेतलं, वर हुक नुसते दिसायला.

चमच्याच्या दांड्याला एसीच्या पाइपवरचा काळा फोम चढवलाय. पकड छान येते, पण वरण मुरून वास मारतो, दर पंधरा दिवसांनी बदला. हाताचा स्प्लिंट, म्हणजे हात नीट स्थितीत धरून ठेवणारा प्लास्टिकचा आधार, मी उन्हात गाडीत विसरलो आणि तो वाकडा झाला. ते प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करूनच हातावर बसवतात, हे मला सांगितलं होतं. चूक माझीच.

तक्रार पैशांची आणि अंतराची. एका बैठकीचे 700 रुपये, आठवड्यातून दोनदा, मेडिक्लेमने हात वर केले. मुंबईत के.ई.एम.ला कमलाबाई निंबकरांनी याचं शिक्षण 1950 साली सुरू केलं, आणि आमच्या तालुक्यात आजही ओटी देणारं एकही माणूस नाही. एसटीने दीड तास.

तिथे निम्मी गर्दी मुलांची असते. एक मुलगा केस कापायला, नखं काढायला हात लावू देत नसे. स्पर्श सहन व्हावा म्हणून त्याला आधी झोक्यावर बसवतात, मग हाता-पायांवर ब्रश फिरवतात. मला तो खेळ वाटायचा. परवा तो कटिंग करून आला होता, आई सगळ्यांना सांगत सुटली.

हात पूर्ण सुधारेल म्हणून जाणार असाल तर आधी मोकळेपणाने विचारून घ्या. आईची बोटं अजून नीट उघडत नाहीत. पोळी लाटता येत नाही, मळलेली कणीक मात्र ती डाव्या हाताने तिंबते आणि उजवा वर ठेवून दाबते. सध्या कोथिंबीर निवडणं चालू आहे, मॅडमनी दिलेला गृहपाठ. एका जुडीला तासभर लागतो.