आर्टिझन दाढीचे साबण आणि आफ्टरशेव्ह : नाशिकच्या थंडीत आणि उन्हाळ्यात वापरून

सगळ्यात आधी महत्त्वाचं सांगतो, डब्याचं झाकण उघडून नाकाला लावून साबण निवडू नका. गणपतीच्या सुमारास मी हे आर्टिझन, म्हणजे छोट्या कारागिरांनी बनवलेले, दाढीचे साबण वापरायला घेतले आणि आता मे संपत आलाय, तेवढ्या काळात सगळ्यात पक्कं कळलं ते हेच. डब्यातला वास वेगळा, फेसातला वेगळा आणि तासाभराने गालावर उरतो तो तिसराच. संत्रं-लिंबू-बर्गमॉटवाले (बर्गमॉट हे लिंबाच्या जातीचंच फळ) साबण डब्यात असे दणकून येतात की लगेच घ्यावेसे वाटतात, पण सिट्रसचं तेल भराभर उडून जातं आणि गरम पाणी लागलं की पहिल्या हातातच, म्हणजे रेझरच्या पहिल्या फेरीतच, निम्मा वास गायब. उलट चंदन, वाळा, देवदार यांचा वास डब्यात अगदी मुका असतो, फेस चढायला लागला की हळूहळू उघडतो.

वासाच्या आधी साबण मात्र चांगला पाहिजे, त्यात तडजोड नको. लेबलवर स्टिअरिक ॲसिड (तेल-चरबीतलं एक आम्ल) वरच्या दोन-तीन नावांत दिसलं पाहिजे, घट्ट, क्रीमसारखा आणि टिकणारा फेस त्याच्यामुळे येतो. नुसतं खोबरेल जास्त असलं की मोठे मोठे बुडबुडे येतात, बघायला छान वाटतात पण दुसरा हात फिरवेपर्यंत बसतात आणि चेहरा ओढल्यासारखा कोरडा पडतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने साबण मऊ राहतो, सोडियमवाल्याने कडक होतो, बरेच कारागीर दोन्ही मिसळतात. आणि परदेशी आर्टिझन साबण मागवणार असाल तर लेबल नीट वाचा, खूप साबणांत टॅलो असते म्हणजे गाईची किंवा मेंढीची चरबी. ती असली तर लेबलवर टॅलो किंवा टॅलोएट असं काहीतरी लिहिलेलं असतं. आमच्या घरात ते चालणार नव्हतं म्हणून मी सगळे व्हेगनच घेतले, आणि फेसात कुठे कमी पडले असं एकदाही वाटलं नाही.

यातला सगळ्यात आवडलेला साबण कोकम बटरचा, वाळ्याच्या वासाचा, आपल्याकडेच छोट्या बॅचमध्ये बनवलेला. कोकम बटर म्हणजे कोकणातलं मुठेल, आजी थंडीत टाचांच्या भेगांना लावायची तेच. त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक असतं म्हणून दाढीच्या साबणाला ते फार बरं. वडी कडक असते, त्यामुळे अंघोळीला जाताना वर चमचाभर कोमट पाणी टाकून ठेवतो, बाहेर येईपर्यंत वरचा थर मऊ होतो. ते पाणी फेकायचं नाही, गालाला चोळायचं. मग ओलसर ब्रश वडीवर फिरवत राहायचं, ब्रशच्या केसांच्या मुळाशी चिकट पेस्ट साठेपर्यंत, आणि त्यानंतर चेहऱ्यावर थेंब थेंब पाणी घेत फेस वाढवायचा. इथे घाई केली की फेस कोरडा राहतो आणि ब्लेड अडखळतं. बरोबर जमला की फेसावर बारीक चकाकी येते, श्रीखंडाला असते तशी, आणि बरोबर त्याच वेळी वाळा उघडतो, ओल्या मातीसारखा, थोडासा धुरकट. बाबा एकदा बाथरूमच्या बाहेरूनच म्हणाले, "कूलरची ताटी लावली का रे कोणी?" सेफ्टी रेझरने दोन हातात दाढी गुळगुळीत होते, तिसऱ्या हाताची गरजच पडत नाही.

पाण्याचं मात्र बघा. आमच्या सोसायटीत गंगापूर धरणाचं महापालिकेचं पाणी असतं तेव्हा फेस मस्त येतो, पण उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं आलं की तोच साबण, तोच ब्रश आणि फेस उठतच नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी चिकटून त्याचा चोथा करतं, बेसिनला पांढरट थर बसतो तो तोच. अशा दिवशी मी आरओचं मगभर पाणी बाजूला काढून ठेवतो, दाढीला लागतं तेवढंच. इंदिरानगर-पाथर्डी फाट्याकडे जे बोअरवर आहेत त्यांनी महागडा साबण खराब आहे असं ठरवायच्या आधी हे एकदा करून बघावं.

आता आफ्टरशेव्ह. साबणाचा वास दाढीपुरता, धुतला की ऐंशी टक्के गेला असंच धरा. दिवसभर सोबत राहतो तो आफ्टरशेव्हचा, म्हणून पैसे घालायचे तर तिथे घाला असं माझं स्पष्ट मत आहे. आणि साबण वाळ्याचा, वर आफ्टरशेव्ह पुदिन्याचं असं करू नका, दोन्ही वास एकमेकांना मारतात. एकतर सेट घ्या नाहीतर साबण बिनवासाचा घ्या.

मेंथॉलबद्दल जरा सविस्तर, कारण नाशिकमध्ये हा ऋतूचाच प्रश्न आहे. मेंथॉल कातडीला खरं थंड करत नाही, थंडी ओळखणाऱ्या नसांना चेतवतं. खरा गारवा अल्कोहोल उडतं त्याचा. थंडीत पारा दहाच्या खाली असताना हे दोन्ही एकत्र लावून सकाळी सातला सातपूरला गाडीवर निघालं की गाल अक्षरशः दुखतात, मी डिसेंबरमध्येच मेंथॉलवाली बाटली आत ठेवून दिली आणि बिनअल्कोहोलचा बाम काढला. तीच बाटली एप्रिलमध्ये परत काढली तर स्वर्ग. इटालियन प्रोरासो ब्रँडचा हिरवा, निलगिरी आणि मेंथॉलचा, आर्टिझन नाही पण उन्हाळ्यासाठी मी अजून त्यालाच मानतो, त्याच्या तोडीचा थंडावा लहान कारागिरांत मला एकाकडेच मिळाला.

बार्बरशॉप नावाने जे वास विकतात ते बहुतेक फुजेअर घराण्यातले, लॅव्हेंडर, कुमारिन आणि ओकमॉस हा त्याचा पाया. १८८२ च्या फुजेअर रॉयाल या अत्तरापासून ही चाल सुरू झाली. कुमारिन म्हणजे वाळलेल्या गवताचा गोडसर वास. ओकमॉस हा झाडावर वाढणारा दगडफुलासारखा लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवालाची जोडी, त्याच्यातले ॲट्रानॉल आणि क्लोरोॲट्रानॉल ॲलर्जी करतात म्हणून युरोपने त्यांच्यावर बंदी घातली, त्यामुळे आता ते काढून टाकलेला ओकमॉस वापरतात. ऑफिसला जाणाऱ्याने सुरुवात याच वासापासून करावी, कुणालाही खटकत नाही.

बे रम हे मसाल्याच्या वासाचं आफ्टरशेव्ह माझ्यासाठी मोठा शोध. वेस्ट इंडीजमधल्या एका झाडाच्या पानांपासून करतात, युजेनॉल भरपूर असल्यामुळे पहिला वास लवंगेचाच येतो, मागे मिरी आणि दालचिनी. पावसाळी कुंद हवेत फार छान. पण युजेनॉल नाजूक कातडीला चावतं, आधी कानामागे लावून बघा. एका ऑनलाइन घेतलेल्या मसाल्याच्या वासाच्या स्प्लॅशने (पातळ आफ्टरशेव्हने) माझी मान दोन दिवस लाल होती, विक्रेत्याला कळवलं तर "सवय होईल" असं उत्तर. सवय वगैरे काही होत नसते, चुणचुण पाच मिनिटांत गेली नाही तर ते तुमच्यासाठी नाही, इतकं साधं आहे.

घरगुती सिट्रस आफ्टरशेव्ह घेत असाल तर बर्गमॉटबद्दल नक्की विचारा. त्यातलं बर्गाप्टेन उन्हात कातडीवर चट्टे आणू शकतं, ते काढलेलं तेल बाजारात मिळतं आणि चांगले कारागीर तेच वापरतात. मेच्या उन्हात दुचाकीवर फिरणाऱ्याला हे माहीत असलेलं बरं. व्हॅनिलाचा साबण काही महिन्यांनी तपकिरी पडला तर घाबरू नका, व्हॅनिलिनमुळे रंग बदलतो, साबण बिघडलेला नसतो.

आणि तुरटी सोडू नका. ब्लेडनंतर गार पाणी, मग ओल्या गालावर तुरटीचा खडा, मिनिटभर थांबून धुवायचं आणि नंतर आफ्टरशेव्ह. कुठे हात जड पडला ते तुरटी झोंबून बरोबर सांगते.

खर्चाचं म्हणाल तर चार औंसाचा म्हणजे साधारण ११३ ग्रॅमचा डबा एकदम महाग वाटतो, बाहेरून मागवला तर वर कस्टम. पण रोज वापरूनही माझा कोकमवाला अजून तळाला लागलेला नाही, ट्यूबमधली क्रीम याच्या कितीतरी आधी संपायची. नवीन माणसाने एकदम डबा न घेता सॅम्पल मागवावेत, बरेच कारागीर देतात, आणि प्रत्येक सॅम्पल किमान आठवडाभर सलग वापरावा, आज हा उद्या तो केलं तर काहीच कळत नाही. यंदाच्या पावसाळ्यासाठी मी मिट्टी अत्तर घातलेला साबण सांगून ठेवलाय, कन्नौजला भाजलेल्या मातीपासून काढतात ते. आला आणि महिनाभर वापरला की इथेच लिहितो.