वेलिगामचा मुक्काम: हॉटेल, सर्फ कॅम्प की गल्लीतलं घर?

वेलिगाम म्हणजे वाळूचं गाव. सिंहलीतला ‘वेलि’ हा आपल्या ‘वाळू’चा सख्खा भाऊ आणि ‘गम’ म्हणजे गाव. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, गॉल आणि मातारा यांच्या मधे हा अर्धचंद्रासारखा किनारा आहे. तळाला खडक नाही, वाळू आहे. पडलात तरी फारसं लागत नाही, म्हणून सर्फिंग शिकणारे इथंच येतात. मुंबईहून कोलंबोचं विमान जेमतेम अडीच-पावणेतीन तासांचं असल्यामुळे आपल्याकडचेही बरेच जण आता जायला लागलेत. त्यांच्यातला जो तो मला हॉटेलांचे फोटो पाठवतो आणि विचारतो, यातलं कुठलं घेऊ? बहुतेक फोटोंत बाल्कनी असते आणि बाल्कनीतून दिसणारा समुद्र.

मी उलट एकच विचारते. सकाळी साडेसहाला तुम्ही पाण्यात असाल का?

असं विचारण्यामागे वाऱ्याचं गणित आहे. या बाजूचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. या दिवसांत पहाटेपासून वारा हलका असतो आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्यामुळे लाट गुळगुळीत, नीट उभी येते. दहा-अकरा वाजले की वारा फिरतो, समुद्रावरून यायला लागतो आणि पाणी खवळल्यासारखं होतं. ऊनही चढतं आणि गर्दी वाढते. भरती-ओहोटीचा फरक इथं आपल्या कोकणाएवढा मोठा नाही, त्यामुळे वेलिगामला घड्याळ बघायचं ते वाऱ्यासाठी. जो मुक्काम तुम्हाला ही सकाळ देतो, तो चांगला. सहा दिवसांच्या सुट्टीत अशा सकाळी पाचच मिळतात.

पहिल्या खेपेला मी समुद्रासमोरच्या हॉटेलात उतरले होते. खोली सुंदर होती, पोहायचा तलाव होता, एसी होता. नाश्ता सातला सुरू व्हायचा. पैसे भरलेत तर खाऊनच जाऊ, असं रोज व्हायचं आणि बोर्ड हातात येईपर्यंत पावणेदहा. तीन दिवस मी फक्त वाऱ्याशी झगडले. शिवाय वेलिगामला किनाऱ्याला लागूनच गॉल–मातारा रस्ता जातो आणि तिथल्या बसगाड्या ज्या वेगानं आणि हॉर्न देत धावतात, त्यानं समुद्रासमोरच्या खोलीत पहाटे गाज ऐकू येईलच असं नाही. हॉटेल वाईट नसतं. बरोबर आई-वडील असतील, लहान मूल असेल, चौघांतल्या एकालाच सर्फिंग करायचं असेल, तर बाकीच्या तिघांसाठी हॉटेलच घ्या. फक्त खोली मागच्या बाजूची मागा आणि नाश्ता बांधून देतात का, ते आधीच विचारा.

अगदी पहिल्यांदा बोर्डवर उभं राहणार असाल, आणि एकटे जाणार असाल, तर सर्फ कॅम्प. इथं माझं मत ठाम आहे. कॅम्पमध्ये आज कुठल्या किनाऱ्यावर जायचं, किती वाजता निघायचं, कोणी कुठला बोर्ड घ्यायचा, हे दुसरं कोणीतरी ठरवतं, आणि नवशिक्याला नेमकं तेच कळत नसतं. मला दुसऱ्या खेपेला कॅम्पमध्ये सकाळी पावणेसहाला दार वाजवून उठवायचे. चहा, केळं आणि सहा-दहाला टुकटुकच्या, म्हणजे तिथल्या रिक्षाच्या, टपावर बोर्ड बांधलेले. संध्याकाळी भिंतीवर आमचेच व्हिडिओ लावायचे. उभं राहताना मी मागचा पाय नाही तर गुडघा टेकवते, हे मला चार दिवस कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. ते डोळ्यांनी दिसलं आणि दुसऱ्या दिवशी सुटलं.

कॅम्पचा दर आठवड्याचा असतो आणि आकडा बघून दचकायला होतं. पण कागद घेऊन बेरीज करा: राहणं, दोन वेळचं खाणं, रोजचे एक किंवा दोन तास शिकवणी, बोर्डाचं भाडं, टुकटुक. सुटं सुटं घेतलं तर रोज सर्फिंग करणाऱ्याला फार बचत होत नाही. आठवड्यात तीनच दिवस पाण्यात उतरणार असाल, तर मात्र कॅम्पमध्ये पैसे वाया जातात. एका शिक्षकामागे किती जण, हे विचारल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नका. चारपर्यंत ठीक. आठ असतील तर तुमच्या वाट्याला शिक्षक येणारच नाही. शिक्षकाकडे आयएसएचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचं, प्रमाणपत्र आहे का, हेही विचारा. विचारल्याचा कोणाला राग येत नाही.

कॅम्पची दुसरी बाजू अशी की दिवस तुमचा राहत नाही. जेवणाच्या लांब टेबलावर वीस जण, बहुतेक युरोपातले, विशीतले. गप्पा रंगतात, पण नवरा-बायको निवांतपणासाठी गेले असतील तर त्यांना तिथं जीव गुदमरल्यासारखं होईल.

आता गल्लीतलं घर. तिसऱ्यांदा गेले तेव्हापासून मी रस्ता ओलांडून आत, रेल्वेरुळांच्या बाजूच्या वस्तीत, घरगुती गेस्टहाउसमध्ये राहते. किनारा चालत सात मिनिटं. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला नळ. पायांची वाळू तिथं धुवायची, मगच पुढं. त्याच्या शेजारी दोन माडांना बांधलेली दोरी, तिच्यावर ओले रॅशगार्ड, म्हणजे सर्फिंगला घालायचे अंगाला घट्ट बसणारे सदरे. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण दिवसातून दोनदा समुद्रात जाणाऱ्याला ओले कपडे वाळत घालायची जागा समुद्राच्या देखाव्याहून जास्त उपयोगी पडते. बंद एसी खोलीत रॅशगार्ड सकाळपर्यंत दमट राहतो आणि तोच अंगात घातला की पोटावरचं बोर्डानं खरचटलेलं चांगलंच झोंबतं.

घरमालकिणीला मी अक्का म्हणते. सिंहलीतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून परकेपणा राहिला नाही. मी सव्वासहाला निघते आणि नऊला परत येते, तेव्हा ती खवणीवर बसून नारळ खवत असते. मग आप्पे नव्हे, पण आमच्या शिरवाळ्यांची आठवण यावी अशा तांदळाच्या शेवया, वर परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातलं मसुरीचं वरण, आणि लालभडक पोल संबोल. नाश्त्याची वेळ माझी, हॉटेलची नाही.

शाकाहारी मंडळींनी इथं नीट लक्ष द्या. पोल संबोल दिसायला खोबऱ्याची चटणी, पण त्यात बहुतेक ठिकाणी उंबलकड घालतात. उंबलकड म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा, तो काही भाज्यांतही असतो. मोठ्या ठिकाणी ‘व्हेज’ म्हटल्यावर समोर काय येईल याची खात्री नसते. घरात मात्र ‘उंबलकड एपा’, म्हणजे उंबलकड नको, एवढं सांगितलं की अक्का वेगळा वाटा काढते. आईला घेऊन गेले तेव्हा या एका गोष्टीसाठी मी दुसरा कुठला पर्याय बघितलासुद्धा नाही.

या घरात तुम्हाला शिकवणारं कोणी नसतं, हे मात्र लक्षात ठेवा. किनाऱ्यावर बोर्ड तासावर भाड्यानं मिळतात आणि शिकवणारी मुलंही तिथंच असतात. पहिले तीन दिवस एकाच मुलाकडे शिका, रोज नवा माणूस घेऊ नका. खोलीला मच्छरदाणी हवीच. डेंग्यू तिकडेही आहे.

होस्टेल स्वस्त, आणि विशी-पंचविशीत मजा येते. पण रात्री दोनपर्यंत खालच्या खाटेवरचे जागे असतील, तर साडेसहा विसरा. व्हिला सहा-आठ जणांच्या टोळक्याला परवडतो, कुटुंबाला स्वयंपाकघर मिळतं. बरेचसे व्हिला किनाऱ्यापासून लांब, भातखाचरांच्या बाजूला आहेत, त्यामुळे रोजच्या टुकटुकचा खर्च त्यात धरा.

बोर्डवर सहज उभं राहता येत असेल आणि हिरवी, न फुटलेली लाट पकडता येत असेल, तर मुक्काम वेलिगामला नकोच. पश्चिमेला काही किलोमीटरवर मिदिगाम आणि अहंगाम आहे. तिथं तळाला प्रवाळाचा खडक आहे, लाटा लांब आणि नीट वळणाऱ्या. ‘लेझी लेफ्ट’ नावाची लाट तिथलीच. ओहोटीला खडक वर येतो, तेव्हा समोरच राहून पाणी बघता येणं कामाचं ठरतं. वेलिगामच्या उलट, मिदिगामला मी समुद्रासमोरच्या खोलीचे जास्तीचे पैसे आनंदानं मोजेन.

आणि मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचं म्हणत असाल, तर यातलं काहीच घेऊ नका. तेव्हा या बाजूला नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो, पाणी गढूळ आणि लाटा बेशिस्त. त्या दिवसांत पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बेचा हंगाम असतो. कोलंबोहून गाडीनं सात-आठ तास, वाटेत एक मुक्काम करा.

नाताळ ते जानेवारी सोडून इतर वेळी मी आधीपासून दोनच रात्रींचं बुकिंग करते. पहिल्या संध्याकाळी चप्पल घालून गल्ल्यांतून फिरते, फाटकाशी नळ, माडाला दोरी आणि ओसरीवर आडवे ठेवलेले बोर्ड दिसले की आत जाऊन विचारते: पहाटे सहाला फाटक उघडं असतं का?