उन्हाळी ट्रेकला तीन लिटरचं वॉटर ब्लॅडर: घ्यावं का?

रतनगड उतरायचा, कात्राबाईची खिंड चढायची, पलीकडे कुमशेत, मग पाचनई आणि हरिश्चंद्रगड. दिवाळीपर्यंत या वाटेवर पाण्याची फारशी चिंता नसते. मार्च लागला की ओढे आटतात. रतनगडावरची टाकी सोडली की पुढचं खात्रीचं पाणी कुमशेत गावातच, असं धरून चाललेलं बरं. अशा दिवशी माणशी तीन-चार लिटर पाणी पाठीवर हवंच. त्यासाठी नळीवाल्या ब्लॅडरची, म्हणजे सॅकमध्ये ठेवून नळीने प्यायच्या पाण्याच्या पिशवीची, जाहिरात जोरात असते.

त्याचा खरा फायदा चढावर कळतो. बाटली सॅकच्या बाजूच्या कप्प्यात असली की पुढच्या सावलीपर्यंत पिणं टाळलं जातं आणि तिथे एकदम अर्धा लिटर ढोसला जातो. पोट डचमळतं, पाय जड होतात. नळी खांद्यावर असली की दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट आपसूक जातात. उन्हातल्या चढाला तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं, ते असंच थोडं थोडं जावं.

खोट अशी की किती पाणी उरलंय ते दिसत नाही. भरलेल्या सॅकमध्ये पाठीकडच्या कप्प्यात ते दडपलेलं असतं. संपल्याची खबर नळीतून हवा आली की मिळते, आणि ती नेमकी खिंडीच्या अलीकडे. म्हणून तीन लिटरच्या नादाला न लागता दोन लिटरचं घ्यावं आणि सोबत एक-एक लिटरच्या दोन साध्या बाटल्या. ब्लॅडर संपलं म्हणजे निम्मं संपलं, हिशेब सरळ. शिवाय एक फुटलं तरी सगळं पाणी जात नाही.

गळती बहुधा पिशवीला नसते, नळी जिथे जोडली जाते तिथल्या रबरी रिंगला असते. रिंगवर वाळूचा कण बसला तरी थेंब थेंब सुरू होतं आणि स्लीपिंग बॅग भिजल्यावर कळतं. निघायच्या आदल्या रात्री पूर्ण भरून, वर्तमानपत्रावर आडवं ठेवून, वर चार-पाच किलोचं ओझं ठेवावं. सकाळी कागद कोरडा तरच सॅकमध्ये. भरल्यावर पिशवी उलटी धरून नळीतून हवा ओढून घ्यावी, म्हणजे चालताना आतलं पाणी हिंदकळत नाही.

उन्हात नळीतलं पाणी चहासारखं तापतं. मीटरभर नळीत जेमतेम 30 मिली मावतं, पण पहिला घोट तोच. पिऊन झालं की फुंकर मारून ते पाणी परत पिशवीत ढकलायचं. तोंडाची लाळही आत जाते, त्यामुळे एकाच ब्लॅडरवर दोघांनी पिऊ नये. नळीवर निओप्रीनचं (फोमसारख्या रबराचं) आवरण असतं, पण दुपारी त्याचा उपयोग यथातथाच.

टाक्यातून भरायचं तर वरून पूर्ण उघडणारं, सरकपट्टीचं तोंड हवं. छोट्या झाकणाचं टाक्यात बुडवून भरता भरत नाही. पाणी फडक्यातून गाळायचं, क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या मापाने टाकायची (वीस लिटरवाली गोळी दोन लिटरला नको!), अर्धा तास थांबायचं आणि थोडं नळीतून सोडून द्यायचं, म्हणजे नळीच्या टोकाची, तोंडात धरायची चोचही शुद्ध होते.

ओआरएस ब्लॅडरमध्ये मुळीच नको. साखर नळीत राहते आणि आठवडाभरात काळी बुरशी धरते. 20.5 ग्रॅमचं पाकीट बरोबर एक लिटरला, तेही बाटलीत. दिवसभर घाम गाळून नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि लोक आणखी पाणी पाजतात. तेव्हा मिठाचं काहीतरी पोटात जायलाच हवं. शेंगदाणे, लोणचं-भाकरी चालेल.

परतल्यावर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून रात्रभर ठेवावं, उकळतं पाणी नको. आत लाकडी चमचा आडवा अडकवून तोंड उघडं राहील असं टांगावं. नळी वाळतच नसेल तर ती गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकावी.

स्वस्त ब्लॅडर पीईव्हीए नावाच्या प्लास्टिकचं असतं. त्याचा वास बरेच दिवस जात नाही आणि घडीवर चिरतं. टीपीयूचं (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचं) महाग, पण टिकतं. घेताना सुटी चोच आणि सुटी रिंग मिळते का ते दुकानात विचारा. मिळत नसेल तर बाटल्याच बऱ्या.